पूर्ण स्पर्धेतील उत्पादनसंस्थेचा समतोल आणि काळाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रास्ताविक

पदवी स्तरावरील सूक्ष्म अर्थशास्त्राच्या बहुतेक मराठी क्रमिक पुस्तकांत पूर्ण स्पर्धेतील उत्पादनसंस्थेच्या समतोलाचे प्रकरण असते आणि ते साधारणतः एकाच साच्यातले असते. बाजारात विक्रेते व ग्राहक असंख्य, वस्तू एकजिनसी, प्रवेश व निर्गमन मुक्त, बाजाराचे ज्ञान परिपूर्ण. म्हणून कोणतीही एक संस्था किंमत बदलू शकत नाही, ती किंमत स्वीकारते. स्वीकारलेल्या किमतीशी सीमांत खर्च जेथे समान होतो आणि त्या ठिकाणी सीमांत खर्चाचा वक्र वर जात असतो, तेथे ती आपले उत्पादन स्थिर करते. तेथेच तिचा नफा महत्तम किंवा तोटा किमान असतो. उदाहरण द्यायचे झाल्यास बहुधा गहू, तांदूळ किंवा भाजीपाला यांचेच दिले जाते. विद्यार्थी आकृती काढतो, दोन अटी लिहितो आणि प्रश्न संपतो.

या सिद्धांतावरील टीकाही आपल्या अभ्यासक्रमात आहे. मात्र ती बहुतांशी एकाच अंगाने केली जाते : प्रत्यक्षात कोणताही उत्पादक सीमांत खर्च मोजत बसत नाही, म्हणून सिद्धांत अवास्तव आहे. या टीकेला दिले जाणारे परंपरागत उत्तरही ठरलेले आहे : गृहीतके अवास्तव असली तरी अनुमाने खरी ठरली म्हणजे पुरे. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी आहे की, ही टीका लक्ष्य चुकवते आणि हे उत्तरही मूळ अडचणीला स्पर्श करीत नाही. सिद्धांताची खरी अडचण काळाची आहे. उत्पादनाचे प्रमाण ज्या वेळी ठरवावे लागते त्या वेळी किंमत ज्ञात नसते आणि किंमत ज्ञात होते त्या वेळी प्रमाणाविषयी ठरविण्यासारखे फार थोडे उरलेले असते. सर्व उद्योगांना हे विधान सारख्या प्रमाणात लागू पडणार नाही. परंतु ज्या शेतीला आपण पूर्ण स्पर्धेचे सर्वांत जवळचे उदाहरण मानतो, तिला ते पुरतेपणी लागू पडते. विवेचनासाठी नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे पीक घेतले आहे.

नियमाची घडण

किंमत व सीमांत खर्च यांच्या समानतेची कल्पना मार्शलपूर्व आहे. फ्रेंच गणिती कुर्नो याने १८३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका मक्तेदारापासून प्रारंभ केला, विक्रेत्यांची संख्या क्रमाने वाढवत नेली आणि ती अमर्याद झाली म्हणजे एकेकट्या विक्रेत्याचा किमतीवरील परिणाम नगण्य होऊन किंमत सीमांत खर्चाला येऊन मिळते, असे दाखविले. कुर्नोच्या मांडणीत 'दिलेली किंमत' हे आरंभीचे गृहीतक नव्हते. ती एका प्रक्रियेची शेवटची मर्यादा होती. आपल्या पुस्तकांत हा क्रम उलटा झाला आहे. पूर्ण स्पर्धा प्रथम येते, मक्तेदारी नंतर आणि अल्पविक्रेताधिकार सत्राच्या अखेरीस घाईघाईने. अध्यापनाच्या सोयीचे म्हणून ते समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे किंमत ही पावसासारखी आकाशातून पडणारी वस्तू आहे, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात घर करतो.

मार्शलने १८९० च्या ग्रंथात खर्चाला काळाशी जोडले. मासळीच्या व्यापाराचे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एका दिवसापुरता मासळीचा साठा ठरलेला असतो आणि किंमत मागणीच ठरविते; काही महिन्यांचा विचार केला तर आहे त्या होड्यांतून अधिक मासळी आणता येते; दीर्घकाळात नव्या होड्या बांधता येतात आणि नवे लोक या व्यवसायात येतात. मार्शलच्या या विवेचनात काळ हाच मुख्य विषय आहे. पुढे भूमितीय मांडणी जसजशी सुबक होत गेली, तसतसा काळ 'अल्पकालीन' आणि 'दीर्घकालीन' अशा दोन विशेषणांपुरता उरला. जेकब व्हायनर यांच्या १९३१ च्या खर्चवक्रांवरील निबंधाची हकिकत या संदर्भात आठवते. दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या नीचतम बिंदूतून जावा आणि तरीही कोणत्याही अल्पकालीन वक्राच्या वर जाऊ नये, अशी आकृती व्हायनर यांनी मागितली. असा वक्र काढणे अशक्य असल्याचे त्यांचे आरेखक वाँग यांनी सांगितले, ते व्हायनर यांना पटले नाही. पुढे १९५० मध्ये जोडलेल्या टिपणात त्यांनी ती चूक मान्य केली आणि भावी शिक्षक व विद्यार्थ्यांनाही ती शोधण्याचा आनंद मिळावा म्हणून मूळ मजकूर तसाच ठेवला. आकृतीचे आकर्षण मोठ्या अर्थशास्त्रज्ञालाही कोठवर नेऊ शकते, ते यातून दिसते.

पिएरो स्राफा यांचा १९२६ चा निबंध हा या परंपरेवरचा पहिला गंभीर आघात होय. त्यांचा एक आक्षेप असा की, उपभोग्य वस्तू निर्माण करणाऱ्या उत्पादकाला विस्तार करताना वाढत्या खर्चाची अडचण क्वचितच जाणवते. किंमत कमी केल्याशिवाय किंवा विक्रीखर्च वाढविल्याशिवाय जादा माल खपत नाही, ही त्याची खरी अडचण असते. या आक्षेपातूनच पुढे अपूर्ण स्पर्धेचे विश्लेषण उभे राहिले आणि १९३३ साली जोन रॉबिन्सन व चेंबरलिन यांचे ग्रंथ आले. स्राफांचा आक्षेप कारखानदारीला लागू पडतो, याविषयी वाद नाही. लासलगावच्या बाजार आवारात ट्रॉली घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र तो लागू पडत नाही. त्या दिवशीच्या लिलावात त्याच्या ट्रॉलीतला सगळा कांदा विकला जाऊ शकतो; त्याने एक ट्रॉली आणली काय आणि तीन आणल्या काय, बाजारभाव हलत नाही. तो खऱ्या अर्थाने किंमत-स्वीकारक आहे. म्हणूनच सिद्धांताची परीक्षा त्याच्यापाशी घ्यावयास हवी.

'मोजतो कोण?' हा वाद

ऑक्सफर्डच्या हॉल व हिच यांनी १९३९ मध्ये ३८ उद्योजकांच्या मुलाखतींवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. बहुसंख्य उद्योजक सरासरी पूर्ण खर्चात काही टक्के नफा मिळवून किंमत ठरवतात, सीमांत प्राप्ती व सीमांत खर्च त्यांच्या हिशेबात नसतात, असा त्याचा निष्कर्ष होता. १९४६ मध्ये अमेरिकेत लेस्टर यांनी रोजगाराच्या संदर्भात याच स्वरूपाची शंका उपस्थित केली आणि त्याच वर्षी फ्रिट्झ माखलुप यांनी तिला सविस्तर उत्तर दिले. रस्त्यावर पुढच्या मालमोटारीला ओलांडून जाणारा चालक वेग, अंतर आणि समोरून येणाऱ्या वाहनाची गती यांची समीकरणे सोडवत नाही, तरीही त्याच्या निर्णयाचे विश्लेषण त्या घटकांच्या आधारेच करावे लागते, हा त्यांचा दृष्टांत आजही वर्गात उपयोगी पडतो. आल्चियन यांनी १९५० मध्ये असे सुचविले की, उत्पादक हेतुपूर्वक नफा महत्तम करोत वा न करोत, स्पर्धेत टिकून राहिलेल्या संस्था नफा मिळविणाऱ्याच असतात. फ्रिडमन यांच्या १९५३ च्या निबंधाने या बचावाला पद्धतिशास्त्रीय रूप दिले.

आपल्या पदव्युत्तर वर्गांत हॉल-हिच यांचे नाव 'सीमांतवादाचे खंडन' या शीर्षकाखाली सरसकट येते. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. त्यांचे उद्योजक किंमत ठरविणारे होते. ज्याच्या हाती किंमत ठरविणे नाही, त्याच्याविषयी त्या पाहणीतून काहीच सिद्ध होत नाही.

माखलुपच्या चालकाविषयी अधिक बोलण्यासारखे आहे. त्या दृष्टांतात चालकाला समोरचा रस्ता दिसतो. तो समीकरण सोडवत नाही, हे खरे. पण समीकरणात लागणारी प्रत्येक राशी त्याच्या डोळ्यांसमोर असते. कांद्याची रोपे लावणाऱ्या शेतकऱ्याला समोरचा रस्ता दिसत नाही. चार महिन्यांनंतरचा भाव, तोवरचा पाऊस, करपा पडेल की नाही आणि शेजारच्या तालुक्यांत लागवड किती झाली, यांपैकी एकही राशी त्याच्यापाशी नसते. त्याच्या गणित न करण्याला गणिताच्या अज्ञानाचे कारण पुरेसे नाही; गणितात घालावयाच्या राशीच अद्याप अस्तित्वात आलेल्या नसतात. माखलुप यांचे उत्तर 'मोजतो कोण' या प्रश्नाचे आहे. 'मोजावयाचे ते केव्हा उपलब्ध होते' हा प्रश्न त्यात येत नाही.

कांद्याच्या पिकातील निर्णय

महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम आहेत. खरिपाचा लाल कांदा पावसाळ्यात लावला जातो आणि साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाजारात येतो. रांगडा कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास लागतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते, काढणी मार्चअखेरपासून मेपर्यंत चालते. हाच कांदा चाळीत टिकतो आणि नवा लाल कांदा येईपर्यंत देशाची गरज भागवतो. लाल व रांगडा कांदा फार काळ साठवता येत नाही. आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून उल्लेखिल्या जाणाऱ्या लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांत तो मोकळा, ट्रॉलीतून लिलावाला येतो.

येथे शेतकरी 'उत्पादनाचे प्रमाण' ठरवतो, असे म्हणणे कितपत योग्य आहे? तो क्षेत्र ठरवतो, रोप किती टाकायचे ते ठरवतो, खत व औषध ठरवतो. क्विंटल किती निघतील ते हवामान, पाणी आणि रोग यांवर अवलंबून राहते. गणिताच्या दृष्टीने उत्पादनाची निवड आणि घटकांची निवड या एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत, हे पुस्तकात खरे ठरते. कारण तेथे उत्पादन-फलन निश्चित असते. शेतात ते निश्चित नसते.

यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा खर्चाचा आहे. विवेचनापुरते काही कल्पित आकडे घेऊ. एका एकराला रोप, मशागत, लागवडीची मजुरी, खत, औषध व पाणी यांवर ६०,००० रुपये खर्च झाले आणि १०० क्विंटल पीक उभे राहिले. ते उपटणे, पात कापणे, निवडणे, भरणे, बाजारात नेणे, हमाली व तोलाई यांना प्रतिक्विंटल २५० रुपये लागतात. एकूण सरासरी खर्च झाला ८५० रुपये. आता काढणीच्या वेळी भाव ४०० रुपये असला तर शेतकऱ्याने काय करावे? विकावे. विकल्यास काढणी व वाहतुकीचे २५,००० रुपये वजा जाता १५,००० हाती येतात आणि तोटा ६०,००० ऐवजी ४५,००० होतो. भाव २०० असेल तर पीक शेतातच सोडून द्यावे, त्यात मेंढ्या घालाव्यात किंवा नांगर फिरवावा. सरासरी बदलत्या खर्चाखाली किंमत गेली तर उत्पादन बंद, हा जो नियम आपण शिकवतो तो येथे अक्षरशः लागू पडतो. उभ्या पिकात नांगर घालणाऱ्या शेतकऱ्याची बातमी आपण उद्वेगाची म्हणून वाचतो. ती उद्वेगाची असतेच, पण सिद्धांताच्या दृष्टीने ती अचूक हिशेबाचीही असते.

मात्र पुस्तकातील आकृतीत उत्पादन-बंद बिंदू एकच असतो. कांद्याच्या पिकात तो हंगामाबरोबर खाली सरकत जातो. डिसेंबरमध्ये रोप लावण्यापूर्वी जवळजवळ सगळाच खर्च टाळता येण्यासारखा असतो. त्या वेळी साधारण ८५० रुपये मिळण्याची अपेक्षा नसेल तर लागवड करू नये. एकदा पीक तयार झाले की तोच बिंदू २५० वर येतो. कांदा काढून, भरून बाजार आवारात पोहोचला म्हणजे तो शून्याच्याही खाली जाऊ शकतो. कारण आता न विकण्याचा अर्थ तो परत नेण्याचा खर्च सोसणे, असा होतो. म्हणजे शेतकरी जसजसा बाजाराच्या जवळ जातो, तसतशी त्याची किमान स्वीकार्य किंमत घसरत जाते; आणि नेमकी शेवटच्या पायरीवर त्याला किंमत कळते. व्यापाऱ्याची स्थिती अशी नसते. भाव पाहून त्या दिवशी बोली लावायची की नाही, हे तो ठरवू शकतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारातील एक पट्टी वर्तमानपत्रांतून गाजली. ५१२ किलो कांदा, भाव किलोला १ रुपया. वाहतूक, हमाली व तोलाई वजा जाता २ रुपये ४९ पैसे शिल्लक आणि हाती २ रुपयांचा धनादेश. या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले. सिद्धांताच्या अंगाने पाहिले तर बाजाराच्या फाटकापाशी ती विक्री योग्यच होती, शेताच्या बांधावर ती चुकीची ठरली असती आणि लागवडीच्या दिवशी तिच्यासंबंधी कोणताही हिशेब करणे शक्य नव्हते. तीन वेगळी उत्तरे मिळतात, कारण तिन्ही वेळी टाळता येण्याजोगा खर्च वेगळा आहे. 'शेतकऱ्याने तोट्यात का विकले?' असे विचारणाऱ्याने यांपैकी कोणत्या वेळेविषयी आपण विचारतो आहोत, हे आधी स्पष्ट केले पाहिजे.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट पुढे येते. काढणीच्या वेळी प्रत्येक क्विंटलचा खर्च जवळपास सारखाच असतो; शेतातला कांदा संपला की जादा क्विंटल कोणत्याही खर्चाने मिळत नाही. सीमांत खर्चाचा वक्र आडवा जातो आणि एकाएकी उभा राहतो. त्यामुळे किंमत व सीमांत खर्च यांची समानता सहसा साधली जातच नाही. किंमत २५० हून थोडी अधिक असो की दहापट असो, विकावयाचे प्रमाण तेवढेच. हळूहळू वर चढणारा जो वक्र आपण फळ्यावर काढतो, तो प्रत्यक्षात लागवडीच्या वेळी अस्तित्वात असतो : हलक्या जमिनीत लागवड वाढवताना, हिवाळ्यात लागणीला मजूर मिळेनासे झाल्यावर मजुरी चढत जाते तेव्हा, विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवताना. पण त्या वेळी त्याच्याशी जुळवून पाहावयाची किंमत नसते.

अपेक्षित किंमत : उत्तर की नवा प्रश्न?

यावर असे म्हणता येईल की, 'किंमत' या शब्दाच्या जागी 'अपेक्षित किंमत' असे वाचले म्हणजे झाले. अर्थशास्त्राने नेमके हेच केले आहे आणि त्यातून मौलिक विचारही निर्माण झाला आहे. गतवर्षीच्या किमतीवर यंदाची लागवड ठरली तर भाव व उत्पादन एकाआड एक हेलकावे खात राहतात, हे कोळिष्टक सिद्धांताने दाखविले. काल्डोर यांनी १९३४ मध्ये त्याला नाव दिले आणि एझेकिएल यांनी १९३८ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. १९६१ मध्ये म्यूथ यांनी असा आक्षेप घेतला की, हेलकाव्यांचे हे चक्र इतके नियमित असेल तर उत्पादक ते ओळखतील आणि त्यांच्या अपेक्षा सुधारतील. आज समग्रलक्षी अर्थशास्त्रात गाजलेल्या विवेकनिष्ठ अपेक्षांच्या कल्पनेचा उगम शेतमालाच्या भावांविषयीच्या या चर्चेत आहे, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

भारतीय शेतकरी किमतीला प्रतिसाद देतो की नाही, हा प्रश्नही फार पूर्वी निकालात निघाला. राजकृष्ण यांनी १९६३ मध्ये अविभाजित पंजाबमधील पिकांच्या क्षेत्राचा किमतींशी असलेला संबंध तपासला, तर धर्म नारायण यांच्या १९६५ च्या ग्रंथात १९०० ते १९३९ या काळातील क्षेत्रबदलांचा अभ्यास आहे. पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी आपली साधने कार्यक्षमतेने वापरतो, हे शुल्ट्झ यांचे १९६४ चे प्रतिपादन ज्या पुराव्यांवर उभे होते, त्यांत उत्तर प्रदेशातील सेनापूर या गावाचा हॉपर यांनी केलेला अभ्यास होता. शेतकऱ्याला हिशेब कळत नाही, असे म्हणण्यास आता जागा नाही.

तथापि 'अपेक्षित' हा शब्द घातल्याने नियम तसाच राहतो, असे मात्र नाही. सांडमो यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, किंमत अनिश्चित असेल आणि उत्पादक जोखीम टाळणारा असेल, तर अपेक्षित किंमत निश्चित किमतीइतकीच असली तरी तो कमी उत्पादन करतो. समतोलाच्या बिंदूपाशी अपेक्षित किंमत सीमांत खर्चाहून अधिक असते. मधले अंतर हा जोखमीचा मोबदला होय. याचा परिणाम असा की, स्थिर खर्च व उत्पादकाची संपत्ती यांचाही उत्पादनाच्या निर्णयावर प्रभाव पडू लागतो. 'स्थिर खर्चाचा अल्पकालीन निर्णयाशी संबंध नाही' हे परीक्षेत हमखास येणारे वाक्य अनिश्चिततेत टिकत नाही. वीस एकरवाला आणि दोन एकरवाला यांचे बियाणे, मजुरी व अपेक्षित भाव सारखे असले तरी त्यांची एकरी लागवड सारखी असेलच असे नाही. निश्चित किमतीच्या मांडणीत दोघांचा निर्णय सारखाच यावयास हवा होता. माझ्या मते अल्पभूधारकांविषयीचे सूक्ष्म अर्थशास्त्र सुरू होते ते येथून, आणि आपले पदवीचे पुस्तक नेमके येथेच थांबते.

कोणता खर्च?

दीर्घकाळात किंमत सरासरी खर्चाइतकी होते आणि उत्पादनसंस्थेला केवळ सर्वसाधारण नफा मिळतो, हे समतोलाचे दुसरे विधान. ते ज्यावर उभे आहे तो शब्द 'खर्च'. शेतकरी कुटुंबाने स्वतः केलेल्या कामाची किंमत त्यात किती धरावयाची? सिद्धांत म्हणतो, त्या श्रमाला दुसरीकडे जे मिळाले असते ते. दुसरीकडे काहीच मिळत नसेल तर वैकल्पिक खर्च शून्य, आणि मग कुटुंबाच्या श्रमाला काहीही न देणारी किंमतसुद्धा 'सर्वसाधारण नफा' देणारी ठरते. निर्गमन मुक्त आहे, या गृहीतकावर सारी भिस्त आहे. बाहेर पडून जावयाचे कोठे, हा प्रश्न आकृतीत येत नाही.

रशियन अर्थशास्त्रज्ञ चायानोव्ह यांनी १९२० च्या दशकातच कुटुंबाची शेती भांडवली संस्थेच्या नियमाने चालत नाही, ती उपभोगाची गरज आणि कष्टाचा बोजा यांचा मेळ घालते, असे मांडले होते. जॉर्जेस्कु-रोगेन यांनी १९६० मध्ये दाट लोकवस्तीच्या कृषिप्रधान देशांत सीमांत उत्पादकतेच्या तत्त्वावरील वाटप अपुरे पडते, असा युक्तिवाद केला.

महाराष्ट्रात हाच वाद वेगळ्या भाषेत रस्त्यावर आला. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८० च्या सुमारास चाकण व नाशिक परिसरात कांद्याच्या व उसाच्या भावासाठी आंदोलने झाली. उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव ही शेतकरी संघटनेची एककलमी मागणी होती. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकवर्गातून तिच्यावर होणारा एक आक्षेप असा की, किंमत खर्चावरून ठरत नाही, किमतीवरून खर्चाचे प्रमाण ठरते. म्हणून मागणीच अशास्त्रीय. हा आक्षेप मला अर्धवट वाटतो. अल्पकाळापुरता तो बरोबर आहे. परंतु दीर्घकाळात किंमत सरासरी खर्च भरून काढते, हेही त्याच शास्त्राचे विधान आहे, आणि मागणी करणारे विचारत होते ते इतकेच की, ते विधान आमच्या बाबतीत खरे का ठरत नाही. जोशींचे स्वतःचे उत्तर सरकारी हस्तक्षेपाकडे बोट दाखवणारे होते. ते पुरेसे आहे की नाही, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हॉल-हिच यांच्या कारखानदाराला पूर्ण खर्चावर नफा चढवून किंमत सांगता येत होती. शेतकऱ्याला त्याच पूर्ण खर्चासाठी रास्ता रोको करावा लागला, एवढा फरक येथे नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या परिभाषेतील वाद याच स्वरूपाचा आहे. प्रत्यक्ष झालेला खर्च व कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य एवढेच धरावयाचे, की स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरावयाचे? २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या वेळी दीडपट हमीभावाची घोषणा झाली तेव्हा वादाचा मुद्दा हाच होता. कांद्याला तर किमान आधारभूत किंमतच नाही.

निर्यात धोरण आणि लागवडीचा दिनांक

वरील विवेचनाचा धोरणाशी संबंध काय, हे एका प्रसंगावरून पाहता येईल. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. तिची मुदत ३१ मार्च २०२४ अशी जाहीर करण्यात आली होती. त्या आठवड्यात लाल कांदा बाजारात येत होता. तो निघालेला असल्याने आणि साठवता येत नसल्याने भाव घसरला तरी त्याचे प्रमाण घटण्याचा प्रश्न नव्हता. पुरवठ्याचा वक्र त्या वेळी उभाच होता. बंदीचा भार ग्राहक व उत्पादक यांच्यात वाटला जाण्याऐवजी शेतकऱ्याच्या बाजूला अधिक झुकण्याचे कारण यात आहे. अल्पकालीन पुरवठ्याची लवचिकता शिकवताना याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

परंतु त्याच आठवड्यात उन्हाळ कांद्याची लागवडही सुरू होती. त्या शेतकऱ्यापुढे एक जाहीर दिनांक होता. ३१ मार्चला बंदी संपणार असेल, तर मार्चअखेर ते मेमध्ये निघणारा त्याचा कांदा निर्यातीला खुल्या असलेल्या बाजारात जाणार होता. म्यूथ यांच्या अर्थाने विवेकी असलेल्या उत्पादकाने त्या दिनांकाला आपल्या अपेक्षेत स्थान देणे स्वाभाविक ठरते. २२ मार्च २०२४ रोजी, पीक काढणीला येत असताना, बंदी पुढील आदेशापर्यंत वाढविण्यात आली. ४ मे २०२४ रोजी ती उठली, तीही प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क या अटींसह. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य काढले गेले व शुल्क २० टक्क्यांवर आणले गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही रद्द झाले. म्हणजे तेही पुढच्या उन्हाळ कांद्याची लागवड होऊन गेल्यावर आणि काढणी सुरू झाल्यावर.

या सर्व आदेशांनी त्या त्या वेळी तयार असलेल्या कांद्याची किंमत बदलली. तयार कांद्याचे प्रमाण बदलण्याची वेळ तोवर टळून गेलेली होती. जो शेतकरी डिसेंबर २०२३ मध्ये रोपे लावत होता, त्याचा सीमांत खर्च त्याला ठाऊक होता. लासलगावातली लागणीची मजुरी, डिझेलचा दर, खताच्या गोणीची किंमत, सारे त्याच्या हिशेबात होते. त्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला ठेवावयाचा आकडा मात्र २२ मार्चच्या अधिसूचनेत यावयाचा होता, आणि तोवर रोपांना तीन महिने होऊन गेले होते.